नवी डिस्क आणि जुने दफ्तर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घराच्या माजघराला लागून एक अरुंद खोली आहे. तिच्या भिंती जाड आहेत आणि पश्चिमेला खिडकी नाही, त्यामुळे मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो तेव्हाही ती त्यातल्या त्यात गार राहते. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि छावणीचे ‘लष्कर’ हे नाव शहराला कायमचे चिकटले. त्या शहरात दरबारची कारकुनी करीत ज्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या घरी अशी एखादी खोली असे व तीत बासनांत बांधलेले मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या आणि कोर्टकज्जांच्या मिसली रचून ठेवलेल्या असत. आमचे कागद अद्याप तेथेच आहेत. त्यांच्या शेजारी, जुन्या शिसवी पेटीवर, गेली काही वर्षे संगणकाचे एक काळे कॅबिनेट अहोरात्र चालू असते, आणि घरातील मुले त्याला ‘सर्व्हर’ म्हणत असली तरी माझ्या लेखी ते त्याच दफ्तराचा पुढला रुमाल आहे.

त्यात काय साठविले आहे हे सांगितल्यावाचून पुढील हकीकतीचे गांभीर्य ध्यानी येणार नाही. मोडीचे एक पान ए-फोर आकारात, इंचाला ४०० ठिपके ह्या प्रमाणात, रंगीत व यत्किंचितही न दाबता उतरवून घेतले, तर ते सुमारे ४६ मेगाबाइट जागा व्यापते. गाण्याची जुनी टेप सेकंदाला ९६,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट ह्या मानाने डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्या मिळून उतरविली, तर तासाला दोन गिगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये ज्या गावात आपले गांधर्व महाविद्यालय काढले, आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने व भातखंड्यांच्या योजनेने १९१८ मध्ये ज्या गावात माधव संगीत विद्यालय उघडले, त्या गावातील एखाद्या घरी गाण्याच्या बैठका होत असाव्यात आणि त्यांतल्या काही कोणी टेपवर धरून ठेवाव्यात, ह्यात नवल नाही. आमच्याकडील स्पूल आणि कॅसेटी आता चिकटू लागल्या आहेत. काही तर उतरवून घेताना एकदाच वाजल्या व पुन्हा वाजण्याच्या स्थितीत राहिल्या नाहीत. त्यांचा स्वर आता त्या कॅबिनेटमध्येच आहे.

कॅबिनेटमध्ये प्रत्येकी चार टेराबाइटांच्या तीन डिस्का होत्या, आणि त्या ‘रेड-५’ ह्या पद्धतीने एकत्र बांधलेल्या होत्या. अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडून त्यांतील एखादी निकामी झाली तरी मजकूर शाबूत राहावा, ह्या कल्पनेला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघा संशोधकांनी १९८७-८८ मध्ये रेड हे नाव दिले. तिचे मर्म समजण्यास ग्वाल्हेरकराला फार दूर जावे लागत नाही. किल्ल्यावर चढणाऱ्या वाटेवर खडकातच कोरून काढलेले चतुर्भुजाचे जे चिमुकले देऊळ आहे, तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिल्याची आणि देवास दररोज ५० माळा पोहोचविण्याची व्यवस्था लिहिली असून, त्या २७० मधील व ५० मधील शून्य आपल्या आजच्या शून्यासारखेच वाटोळे आहे. जगातील अतिप्राचीन लिखित शून्यांत त्यांची गणना होते. आता अशी कल्पना करावी की माळा पोहोचविणारे माळी तीन आहेत आणि त्यांच्यात असा करार आहे की पहिले दोघे आपापल्या मर्जीने एक माळ आणतील वा रिक्त हस्ते येतील, परंतु तिसऱ्याने मात्र एकूण माळांची संख्या नेहमी सम भरेल अशा बेताने माळ आणावी वा आणू नये. एखाद्या दिवशी तिघांपैकी कोणीही गैरहजर राहिला तरी उरलेल्या दोघांच्या हातांकडे पाहून त्याच्या हातात काय असते ते निश्चित सांगता येईल: दोघांची मिळून एकच माळ असेल तर तिसऱ्याजवळ दुसरी असलीच पाहिजे, आणि दोघांची मिळून दोन असतील किंवा एकही नसेल तर तिसऱ्याचा हात रिकामाच असला पाहिजे. रेड-५ मध्ये प्रत्येक ठिकाणच्या बिटांचा हिशेब असाच ठेवलेला असतो, इतकेच की तिसऱ्या माळ्याचे काम प्रत्येक डिस्केला पाळीपाळीने करावे लागते. म्हणून तीन डिस्कांची बारा टेराबाइट जागा असूनही आपल्या उपयोगाला आठच येते. एक माळी गैरहजर असला तर हिशेब लागतो. दोघे गैरहजर झाले तर मात्र लागत नाही.

ती आठ टेराबाइट जागा भरत आली, तेव्हा तेवढ्याच मापाची चौथी डिस्क आणविली. एका संध्याकाळी पुतण्याने सर्व्हर बंद करून ती बसविली, पुन्हा सुरू केला, आणि अर्ध्या तासाच्या आत जे घडले ते असे: प्रथम जुन्या तीन डिस्कांपैकी एक दिसेनाशी झाली, मागाहून दुसरीही गेली, आणि आणखी एकदा बंद करून सुरू केल्यावर ज्या फोल्डरात सगळा संग्रह असावयाचा तो फोल्डर अगदी रिकामा दिसू लागला. व्यवस्थापनाच्या पानावर नवी डिस्क ठळकपणे हजर होती व तिच्या शेजारी नवा संच बांधण्याचे बटण होते.

“काका, हे इनिशियलाइझ करायचं का विचारतंय,” तो म्हणाला. “करू?”

“नको. काहीच करू नकोस. आधी बंद कर आणि इकडे येऊन बस,” मी म्हटले.

ह्या एका क्षणाविषयी मला अधिक सांगावेसे वाटते, कारण घरगुती संग्रहांचा नाश पुष्कळदा डिस्का मेल्याने होत नाही, त्या मेल्या असे समजून घाईने केलेल्या उपायांनी होतो. नवा संच बांधा, डिस्क स्वच्छ करा, फॉरमॅट करा, दुरुस्ती करा ह्या आज्ञा वेगवेगळ्या शब्दांत येत असल्या तरी त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे त्या डिस्केवर काहीतरी लिहितात. आणि लिहिणे हे जुन्या कागदावर नव्या शाईने लिहिण्यासारखे असते. कारण कळेपर्यंत केवळ वाचावे, हा नियम आमच्या घरच्या मोडी दफ्तराला जितका लागू आहे तितकाच येथेही आहे.

वाचावयाचे काय? पहिला कागद म्हणजे यंत्राचा स्वतःचा रोजनामा. सर्व्हरवरील लिनक्स ही प्रणाली, कोणती डिस्क कोणत्या क्षणी भेटली, कोणती बोलेनाशी झाली, कोणाशी जोडणी तुटली, ह्याची बिनचूक नोंद सेकंदाच्याही अंशापर्यंत ठेवीत असते. आमच्या रोजनाम्यात नव्या डिस्केविषयी एकही तक्रार नव्हती. दोन्ही जुन्या डिस्कांबाबत मात्र ‘जोडणी प्रतिसाद देण्यास विलंब लावीत आहे’ आणि पाठोपाठ ‘जोडणी तुटली’ अशा नोंदी होत्या. दुसरा कागद म्हणजे प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीचा जो तक्ता बाळगते तो. त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्यातील क्रमांक ५ चा रकाना डिस्केने बाद करून बदललेल्या जागांचा, १९७ चा वाचता न आल्यामुळे निर्णय राखून ठेवलेल्या जागांचा आणि १९९ चा केबलीतून येता-जाता बिघडलेल्या निरोपांचा असतो. पहिले दोन वाढले तर डिस्क आजारी आहे असे समजावे. फक्त १९९ वाढला तर डिस्क निर्दोष असून केबल वा तिचे टोक सदोष असण्याचाच संभव अधिक. आमच्या डिस्कांचे हे सर्वच रकाने निर्मळ होते.

तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा. रेडमधील प्रत्येक डिस्केच्या अंगावर एक शिक्का असतो: मी अमुक संचाची, त्या संचात माझे स्थान अमुक, आणि संचात झालेल्या घडामोडींपैकी मी पाहिलेली शेवटची अमुक क्रमांकाची. ह्या शिक्क्यामुळे डिस्का मागे-पुढे लावल्या, केबली बदलल्या, तरी संच स्वतःची माणसे ओळखतो. याउलट प्रणाली डिस्कांना जी एसडीए, एसडीबी अशी नावे देते ती केवळ भेटीच्या क्रमाने दिलेली असतात. नवी डिस्क मध्येच भेटली की पुढील सर्वांची नावे सरकतात आणि काल ज्या नावाने जुनी डिस्क हाक देत होती त्याच नावाने आज नवी उत्तर देते. म्हणून कोणता संच कोणत्या फोल्डराशी जोडावयाचा त्या यादीत ह्या क्रमवाचक नावांवर कधीही विसंबू नये. तेथे संचाची वा डिस्केवरील त्या त्या भागाची १२८ बिटांची स्वतंत्र ओळखसंख्या लिहावी, आणि हाताने काम करताना डिस्केच्या चिकटपट्टीवरील अनुक्रमांक तपासून घ्यावा. आम्ही शिक्के वाचले तेव्हा एक डिस्क सर्वांत पुढे, दुसरी तिच्या अगदी दोनचार घडामोडी मागे, आणि प्रथम गेलेली तिसरी बरीच मागे असल्याचे आढळले. तिघींचाही शिक्का अखंड होता.

मग त्या गेल्या कशाने? कॅबिनेट उघडून वीज कशी वाटली आहे ते पाहिले आणि उत्तर समोर आले. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटीतून, डिस्कांसाठी निघालेल्या एकाच टोकावर स्प्लिटर लावून आधीपासून दोन जुन्या डिस्का चालत होत्या. पुतण्याने टोक कमी पडले म्हणून तीन फाट्यांचा स्प्लिटर आणून नवी डिस्कही त्याच टोकावर बसविली होती. साडेतीन इंची डिस्क एकदा फिरू लागली की फारच थोडी वीज खाते, परंतु स्थिर तबकड्यांना मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या गतीवर आणताना ती बारा व्होल्टांच्या तारेवर सुमारे दोन अँपिअर ओढते. साटा पद्धतीच्या त्या टोकात बारा व्होल्टांसाठी तीन पिना असतात व प्रत्येक पिन दीड अँपिअर वाहण्यास योग्य धरली जाते, म्हणजे सगळे मिळून साडेचार अँपिअर. दोन डिस्कांचे चार अँपिअर त्यात कसेबसे बसत होते. तिसरी येताच सुरुवातीची मागणी सहावर गेली. अशा वेळी पिना तापतात, टोकाशी व्होल्ट उतरतात आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेले, की डिस्क आपली वाचणारी टोके सुरक्षित जागी घेऊन स्वतःला पुन्हा आरंभापासून सुरू करते. बाहेरून पाहणाऱ्याला ती मेली असे वाटते, आणि रेडच्या नियमाप्रमाणे ती गैरहजर लिहिली जाते. दोष नव्या डिस्केत नव्हता, जुन्यांतही नव्हता. डिस्का दोन स्वतंत्र तारांवर वाटून दिल्या तेव्हा सर्व शांतपणे फिरू लागल्या. स्प्लिटरची एक पिन करपून पिवळी पडली होती. ती पाहिल्यावर, आम्ही तसेच रेटले असते तर खोलीतल्या जुन्या कागदांचे काय झाले असते ह्या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

नव्या डिस्केबरोबर येणाऱ्या इतरही काही व्याधी आहेत, त्यांचा ओझरता उल्लेख करतो. काही मदरबोर्डांवर एम-टू ह्या खाचेत छोटी पट्टीसारखी डिस्क बसविली की साटाचे एक वा दोन दरवाजे आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. तेव्हा जुनी डिस्क नाहीशी झाली तर प्रथम बोर्डाची पुस्तिका उघडावी. बाह्य पेटीतून काढलेली एखादी नवी डिस्क जुन्या एसएमपीएसवर मुळी फिरतच नाही, कारण २०१६ च्या साटा नियमांत तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचा अर्थ दिला गेला आणि जुना एसएमपीएस त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सतत देत राहतो. त्या पिनेवर उष्णतारोधक चिकटपट्टी लावली की डिस्क चालते. तीन टेराबाइटांची डिस्क ७४६ गिगाबाइटांची दिसली तर मधला एखादा जुना जोड ३२ बिटांतच मोजतो आहे असे जाणावे: ५१२ बाइटांचे खण ३२ बिटांनी मोजता येतात ते सुमारे २.२ टेराबाइटांपर्यंतच, आणि त्यापुढे तो जोड पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. आणि ज्या डिस्कांत कौलांप्रमाणे एकावर एक चढविलेल्या पट्ट्यांत लिहिले जाते, त्या रेडच्या पुनर्बांधणीत इतक्या मंदावतात की संच त्यांना कंटाळून बाहेर काढतो. २०२० मध्ये घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्का ह्या जातीच्या निघाल्याने मोठा गहजब झाला होता. खरेदीपूर्वी ही जात विचारून घ्यावी.

रिकाम्या फोल्डरचे कोडे निराळे आहे आणि त्याने पुष्कळांची छाती दडपते. लिनक्समध्ये फोल्डर म्हणजे एक दार. संच जोडला गेला की त्या दारामागे संचातील मजकूर दिसतो, आणि जोडला गेला नाही तर दारामागे प्रणालीच्या लहान डिस्केवरील मूळची रिकामी खोली दिसते. मजकूर पुसला गेला असा त्याचा अर्थ मुळीच नाही. धोका वेगळाच आहे: घरातील फोनांतील छायाचित्रे रात्री आपोआप त्या दाराने येतात, व ती त्या रिकाम्या खोलीत साठून लहान डिस्क भरून टाकतात, पुढे संच पुन्हा जोडला की ती छायाचित्रे दारामागे झाकली जाऊन हरवल्यासारखी होतात. आम्हांस तशी दोन दिवसांची छायाचित्रे तेथे सापडली. आता त्या मूळ खोलीवर लिहिण्याची मनाई केलेली आहे.

कारण कळले, वीज सुधारली, आणि मगच लिहिण्याची वेळ आली. तेव्हाही आम्ही थेट मूळ डिस्कांवर हात घातला नाही. मोडी पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात त्याप्रमाणे लिनक्समध्ये डिस्केवर एक आच्छादन घालता येते: वाचन मूळ डिस्केवरून होते, परंतु लिहिलेले सर्व वेगळ्या फाइलीत पडते. ह्या आच्छादनांवर प्रथम पुढली व तिच्या दोनचार घडामोडी मागे असलेली अशा दोन डिस्का आग्रहाने एकत्र आणल्या, फोल्डर केवळ वाचण्यापुरता उघडला, पाचपन्नास टेपा व पाने उघडून पाहिली, आणि समाधान झाल्यावर आच्छादने काढून तेच काम मुळावर केले. मागे राहिलेली तिसरी डिस्क मग संचात परत घेतली. संचात कोणत्या भागांत लिहिले गेले ह्याची खूणवही चालू असल्यामुळे, चार टेराबाइट पुन्हा लिहिण्याऐवजी फक्त बदललेले भाग तिच्यावर उतरले व काही मिनिटांतच ती बरोबरीला आली. कीर्द नीट असली की सगळी खतावणी पुन्हा लिहावी लागत नाही, तसेच हे.

त्यानंतर चौथी डिस्क. येथे एक तक्रार सर्वत्र ऐकू येते, की डिस्क घातली पण जागा वाढली नाही. जागा तीन मजल्यांतून वर येते: प्रथम डिस्क संचात सामील होते, मग संच आपला मजकूर चारही डिस्कांवर नव्याने वाटून स्वतःचा आकार वाढवितो, आणि शेवटी त्यावरील फाइल-व्यवस्थेला ‘आता जमीन वाढली आहे’ असे वेगळे सांगावे लागते. मधला मजला सर्वांत दीर्घ. केवळ चार टेराबाइट सेकंदाला १०० मेगाबाइटांनी वाचण्यास अकरा तास लागतात, आणि येथे तर वाचणे व लिहिणे दोन्ही आहे. आमच्याकडे दोन रात्री व मधला एक दिवस गेला, तेवढा वेळ यूपीएस व इन्व्हर्टर दोन्ही जोडून ठेवले होते. अखेरीस बारा टेराबाइट मिळाले. पडद्यावर ते १०.९ दिसतात, कारण विकणारा हजाराच्या पटीने मोजतो व प्रणाली १,०२४ च्या.

एवढे होऊनही हा संच म्हणजे संग्रहाची दुसरी प्रत नव्हे, हे मी घरातील मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते, आणि आग लागली तर ती सम-विषम पाहत नाही. ग्वाल्हेरची गायकी टिकली ती एका वाड्यात कुलूपबंद राहून नव्हे. वासुदेवबुवा जोश्यांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुसकरांनी घेतली व १९०१ मध्ये थेट लाहोरास विद्यालय उघडले. एका गावी कंठ थांबला तरी दुसऱ्या गावी तो चालूच होता. आणि ह्याच शहरात ‘गंगाजळी’ नावाच्या शिंद्यांच्या गुप्त खजिन्याची कथा घरोघर सांगतात: त्याचे बीजक, म्हणजे तो उघडण्याची सांकेतिक खूण, एकट्या महाराजांस ठाऊक असावयाचे, आणि १८८६ मध्ये जयाजीराव निवर्तले तेव्हा युवराज माधवराव बालवयाचे असल्याने ते त्यांना सांगायचे राहून गेले. ज्यांनी आपल्या डिस्का सांकेतिक किल्लीने बंद केल्या आहेत त्यांनी ही कथा ऐकून ती किल्ली घरातील आणखी एका विश्वासू माणसाजवळ लेखी द्यावी. आमच्या संग्रहाची एक प्रत आता पुण्यास धाकट्या बहिणीकडे असते व दर दिवाळीला ताजी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटणी पूर्ण झाली. प्रत्येक फाइलीचा ताळा, म्हणजे तिच्या सर्व बिटांवरून काढलेली एक लांब संख्या, आम्ही पूर्वीच एका यादीत लिहून ठेवला होता. तो पुन्हा काढून जुन्याशी पडताळून पाहण्यास संध्याकाळ झाली, आणि एकही फाइल जुळल्यावाचून राहिली नाही. मग पुतण्याने चारही डिस्कांच्या अंगावर त्यांच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे मोठ्या हाताने लिहिली, कोणती डिस्क कोणत्या तारेवर आहे त्याचा नकाशा एका कागदावर काढला, त्याखाली मिती घातली, आणि तो कागद घडी करून जुन्या शिसवी पेटीत, मोडी रुमालांच्या सर्वांत वर ठेवला.